वकिलाची पांजण

दगडाच्या खाचेत मुंग्या शिरत होत्या.

पुष्पलताने त्या पाहिल्या आणि ती खाली वाकली. मैदानावर पाण्याचा थेंब नव्हता, कुणी काही खाऊन सांडलेलं नव्हतं. तरी काळ्या मुंग्यांची एक ओळ तारेच्या कुंपणाखालून निघून त्या गुडघाभर उंचीच्या दगडी खुंटाकडे चालली होती. खुंटाला दोरीनं झिजून झिजून पडलेली बोटभर खोल खाच होती. आत जाणाऱ्या मुंग्या रिकाम्या होत्या. बाहेर येणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडात पांढरा कण होता.

महिन्याआधी तिनं हीच खाच चाकूनं खरवडून पाहिली होती. तेव्हा तिथं एकही मुंगी नव्हती.

"काय पाहून राहिली वं तिथी वाकून?" मागून आजी ओरडली. भागीरथाबाईंचा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज जायचा. "उन्हात उभी राहू नको. कांदा ठेवला का जवळ?"

"ठेवला, आजी."

"मंग इकडं ये. कमिशनर येईन तवा येईन."

पुष्पलता उठली. पायानं मुंग्यांची ओळ मोडावी असं तिला एक क्षण वाटलं, आणि तसं वाटल्याचीच तिला जास्त भीती वाटली.

सन एकोणीसशे त्र्याहत्तर. नागपुरात इतवारीच्या पलीकडे विणकरांचा एक मोहल्ला होता, आणि मोहल्ल्याच्या पाठीशी हे लांबट, उघडं मैदान होतं. त्याच्या दोन्ही टोकांना असे दगडी खुंट रोवलेले होते. ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, मागावर चढवण्याआधी त्याला खळ लावावी लागते, नाहीतर सूत तुटतं. पूर्वी तांदळाच्या कण्यांची खळ शिजवून, अख्खा ताणा या खुंटांच्या मध्ये ताणून, माणसं कुंच्यांनी ती खळ सुतावर चढवत आणि उन्हावाऱ्यात वाळवत. या कामाला पांजण म्हणतात. मैदानाचं नावही पांजणीचं मैदान. पुढे गिरणीतून खळ लावलेलं तयार सूत यायला लागलं आणि मैदान ओस पडलं.

मग ते लकडगंजातल्या चंपतरावांनी जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, वारसांकडून विकत घेतलं. त्यांना तिथं लाकूड कापायची आरामशीन टाकायची होती. तार लागली, लाकडाचे ओंडके येऊन पडले, लहानू नावाचा राखणदार बसला. मोहल्ल्यातल्या घरांची मागची दारं याच मैदानावर उघडत आणि त्या दारांशीच माग होते. आरामशीन सुरू झाली की लाकडाचा भुसा थेट ताण्यावर येऊन बसणार. रेशीमकाठी साडीवर भुसा बसला की ती साडी साडी राहत नाही. म्हणून मोहल्ला कोर्टात गेला. पहिलं नाव पुष्पलताच्या आजोबांचं, ईश्वरदास यांचं; घरीदारी सगळे त्यांना आबाजी म्हणत. कोर्टानं तात्पुरता 'जैसे थे'चा हुकूम दिला: निकाल लागेपर्यंत मैदानाला कुणी हात लावायचा नाही, ना चंपतरावांनी, ना विणकरांनी.

चंपतरावांचं म्हणणं छोटं आणि अवघड होतं. पांजणीचा हक्क कधीकाळी असेल, आम्ही नाही म्हणत नाही. पण गिरणीचं सूत आल्यापासून इथं कुणी पांजण केलेली नाही. वहिवाट मोडली. वहिवाट मोडली की हक्क मोडला.

विणकरांचे वकील मनोहरराव यांनी म्हाताऱ्यांना समोर बसवून विचारलं होतं, "शेवटची पांजण कधी केली होती, आठवते का?"

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं होतं. "आता काय सांगावं, वकीलसाहेब. धंद्यासाठी करून तं भल्ली वर्सं झाली."

मनोहररावांनी टोपी काढून डोकं खाजवलं होतं. ते उमरेडकडच्या शेतकरी घरातले. मागाबद्दल त्यांना फारसं कळत नव्हतं, पण खटला बुडताना कळत होता.

तेव्हा पुष्पलता पुढे झाली होती. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, एका कॉलेजात प्रयोगशाळेत शिकवणारी, मोहल्ल्यातली एवढं शिकलेली पहिलीच मुलगी. खळ म्हणजे पिष्ट. पिष्टावर आयोडीन टाकलं की निळंकाळं होतं. खुंटाच्या खाचेत, जिथं पाऊस पोचत नाही तिथं, जुनी खळ राहिली असेल तर? तिनं सगळ्यांसमोर खरवडून पाहिलं. आयोडीन होतं तसं तांबूस राहिलं. होती नव्हती ती खळ जंतूंनी आणि पावसाळ्यातल्या ओलीनं खाऊन टाकली होती. तिनं मनोहररावांना तसं स्पष्ट सांगितलं, आणि ते म्हणाले, "मंग हा प्रयोग आपण विसरून जाऊ."

पण आता तिथं मुंग्या होत्या.

ती आजीजवळ येऊन बसली. आबाजी बाजूच्या बाजेवर ताठ बसले होते, पांढरा फेटा, काठी दोन्ही हातांत.

"आबाजी," ती हळूच म्हणाली, "परवा गुलाबचंद वकिलाच्या तिथीची पांजण कुठे केली?"

"मंदिराच्या आवारात. तू नव्हती का तिथी? प्रसाद खाल्ला ना."

"आवारातच?"

"हाव." आबाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते समोर, गुलाबचंद वकिलांच्या घराच्या दिशेनं पाहत होते. ते घर केव्हाच पडून तिथं पिठाची गिरणी झाली होती.

गुलाबचंद वकिलांची गोष्ट या मोहल्ल्यात पोरं अंगाईसारखी ऐकत. भोसल्यांचं राज्य खालसा झालं तेव्हा तो मागाच्या खड्ड्यात बापाच्या हाताखाली बसणारा पोरगा होता. बाप गेल्यावर तो कचेरीच्या दारात अर्ज लिहून देणाऱ्या कारकुनाशेजारी बसू लागला, आधी शाई घोटायला, मग स्वतः लिहायला. तिथंच कायदा कानावर पडला. इंग्रजी त्याला कामठीच्या छावणीतल्या एका निवृत्त हेडक्लार्कानं शिकवली. आठवड्यातून एकदा तो कन्हान नदीच्या अलीकडे त्या म्हाताऱ्याच्या घरापर्यंत चालत जाई, आणि जाताना तोंडानं धडा घोकत जाई, म्हणून वाटेतल्या गावांतले लोक त्याला येडा म्हणत. परीक्षा देऊन तो मुखत्यार झाला, मग वकील. विणकरांत पहिला. सनद मिळाली त्या दिवशीही त्यानं डोक्यावर आपल्याच घरी विणलेली पगडी बांधली. इंग्रज साहेबानं विचारलं, ही कुठल्या दुकानातली? तर म्हणाला, "हुजूर, माझ्या आईच्या मागावरची."

यातलं खरं किती आणि चढवलेलं किती, हे पुष्पलताला लहानपणापासून तपासून पाहायची खोड होती. एका खटल्यात सात दिवस पाणी न पिता तो कोर्टात बोलला, असं लोक सांगत. ती म्हणे, नागपूरच्या उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशीच माणूस मरतो. आबाजी चिडत. "पोट्टी, तू वकिलालेही प्रयोगशाळेत घालशीन."

पण दोन गोष्टी मात्र सगळ्यांच्या तोंडी अगदी सारख्या होत्या, म्हणून त्या खऱ्या असाव्यात असं तिला वाटे.

पहिली या मैदानाची. आगगाडी नागपूरला आली, कापसाला भाव आला आणि मालगुजारानं हे मैदान गाठी ठेवायला घेरलं. गुलाबचंद वकील विणकरांच्या बाजूनं उभे राहिले. त्यांनी साहेबाला पहाटे मैदानावर आणलं, अख्खा ताणा ताणून दाखवला आणि म्हणाले, हुजूर, हा ताणा कुठल्या घरात मावतो ते दाखवा, आम्ही मैदान सोडतो. मैदान विणकरांना पांजणीसाठी राहिलं.

दुसरी गोष्ट लोक हळू आवाजात सांगत. गुलाबचंद वकिलांच्या सख्ख्या भावाच्या घराचा दावा होता. वकील भावाच्या बाजूनं उभे. साक्षीला आपलाच शेजारी. तो शेजारी बोलता बोलता एक खोटी गोष्ट सांगून गेला, भावाच्या फायद्याची. समोरच्या वकिलाच्या ती लक्षातही आली नाही. गुलाबचंद वकील उठले आणि म्हणाले, "हुजूर, हा माझा साक्षीदार आहे आणि तो आता खोटं बोलला." घर गेलं. भाऊ मरेपर्यंत त्यांच्या दारात जेवला नाही. मोहल्ल्यात कितीतरी वर्षं त्यांना बह्याड, म्हणजे खुळा, म्हणत. पण कोर्टात त्यानंतर गुलाबचंद वकिलांनी आणलेल्या साक्षीदाराची उलटतपासणी कुणी फारशी करत नसे, असंही म्हणत.

मरताना त्यांनी समाधी नको म्हणून सांगितलं. म्हणाले, माझ्या नावानं दरसाल त्या मैदानावर एक पांजण टाका. खंड पडू देऊ नका. काही झालं तरी खंड पडू देऊ नका.

म्हणून चैत्रात त्यांच्या तिथीला मोहल्ल्यात ताणा ताणला जाई, खळ लागे, हळदकुंकू, नारळ, प्रसाद. लहानपणी पुष्पलतानं विचारलं होतं, समाधी का नको, पांजणच काहून? आजी म्हणाली होती, "देवालेही कारण इचारशीन का?"

यंदा 'जैसे थे'चा हुकूम होता. मनोहररावांनी हात जोडून बजावलं होतं, मैदानावर पाऊल ठेवू नका, कोर्टाची बेअदबी होईल, दावा तिथंच फेकला जाईल, तुमच्यातला एखादा आत जाईल. म्हणून यंदाची पांजण मंदिराच्या आवारात. तिनं स्वतः पाहिली होती. लहानसा ताणा होता, नावापुरता.

तिला आता वाटायला लागलं की तो फारच लहान होता.

टांग्यातून कमिशनर उतरले. कोर्टानं जागेची पाहणी करायला नेमलेले मध्यमवयीन वकील, सदर भागात त्यांचं ऑफिस. एका हातात छत्री, एका हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद. मागोमाग चंपतरावांची जीप आली. चंपतराव, त्यांचे वकील, आणि कुंपणाच्या दारात काठी टेकून उभा राखणदार लहानू. मोहल्ला मागच्या दारांतून बाहेर आला.

पाहणी शांतपणे चालली. कमिशनरांनी खुंट मोजले, दारं मोजली, ओंडके मोजले. मनोहरराव सांगत होते, ते लिहीत होते. पुष्पलता मागे मागे चालत होती आणि प्रत्येक वेळी ते त्या खुंटाजवळ आले की तिची नजर खाचेकडे जात होती. त्यांना मुंग्या दिसत नव्हत्या. मुंग्या कुणालाच दिसत नव्हत्या.

पाहणी संपत आली तेव्हा चंपतराव हसत पुढे झाले.

"अहो बाई, ते तुमचं जादूचं पाणी नाही आणलं का? आम्ही ऐकलं, दगडाला विचारता म्हणे तुम्ही."

त्यांच्या वकिलांनी धागा पकडला. "हो, साहेब. यांच्याच मोहल्ल्यातली ही शिकलेली मुलगी. खळ असेल तर दगड निळा होतो असं हिचं म्हणणं होतं. मग होऊन जाऊ द्या ना. आमची काही हरकत नाही. उलट आमची विनंती आहे."

मनोहररावांचा चेहरा उतरला. लहानूनं आपल्या मालकाला महिन्याआधीची बातमी पोचवली होती, हे त्यांच्या लक्षात आलं. नाही म्हणावं तर का नाही, ते सांगावं लागणार. हो म्हणावं तर तांबूस रंग कागदावर चढणार. ते पुटपुटले, "त्याची काही जरूर नाही, साहेब."

"काहून नाही?" चंपतराव म्हणाले. "खरं असेल तर दगड बोलेल ना."

कमिशनरांनी पुष्पलताकडे पाहिलं. "साहित्य आहे का, बाई?"

होतं. पिशवीत होतं, सवयीनं आणलेलं. ती नाही म्हणू शकली असती. पण तोवर तिचा हात पिशवीत गेला होता.

"आजी," ती म्हणाली, "एक पांढरी बशी आण."

ती खुंटाजवळ गुडघ्यावर बसली. आधी खुंटाच्या उघड्या माथ्यावरची धूळ खरवडून बशीच्या एका बाजूला ठेवली. मग खाचेत चाकू घातला. मुंग्या सैरावैरा पळाल्या. निघालेला चुरा दुसऱ्या बाजूला ठेवला. तो पांढुरका होता आणि बोटाला किंचित चिकट लागत होता. तिनं मनगट गुडघ्यावर टेकवलं आणि दोन्ही ढिगांवर एकेक थेंब सोडला.

माथ्यावरच्या धुळीचा थेंब तांबूस राहिला.

खाचेतला चुरा तिच्या डोळ्यांदेखत जांभळा झाला, मग निळा, मग जवळजवळ काळा.

मग मोहल्ल्यातून आरोळी उठली. "वकिलाची जय!" कुणीतरी ओरडलं. मनोहरराव बशीवर वाकले, त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. "लिहा साहेब! निळा! विरुद्ध पक्षाच्या विनंतीवरून केलेला प्रयोग, हेही लिहा!"

"थांबा!" चंपतरावांचे वकील पुढे आले. "हे यांनी आत्ता लावलंय! यांनीच आधी करून पाहिलं होतं, तेव्हा काही निघालं नव्हतं. लहानू! सांग रे!"

लहानू पायांकडे पाहत उभा होता. "मी गा? मले काय समजते रसायनातलं? मले काही मालूम नाही, साहेब."

"पुरावा आहे का?" मनोहरराव म्हणाले. त्यांच्या आवाजात बऱ्याच महिन्यांनी धार आली होती.

कमिशनरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ते पुष्पलताच्या समोर उभे राहिले. उन्हानं त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. मी एवढंच विचारतो. ही खळ जुनी असू शकते का?"

पुष्पलताने वर पाहिलं. मनोहरराव तिच्याकडे पाहत होते, विनवणीनं. आजीचे ओठ हलत होते. आबाजी बाजेवर तसेच ताठ बसले होते, पण काठीवरची बोटं पांढरी पडली होती, आणि त्या बोटांनी तिला सगळं सांगितलं. मंदिरातला ताणा लहान होता, कारण खरा ताणा इथं लागला होता. पहाटे, सगळे झोपेत असताना. हुकूम मोडून.

सांगता येत नाही, एवढं म्हणायचं होतं. ते खोटंही ठरलं नसतं. थेंबाला तारीख नसते. मैदान राहिलं असतं. आणि खरं सांगितलं तर मैदान जाणार होतं, वर आबाजी या वयात कोर्टाच्या कठड्यात. तिला गुलाबचंद वकिलांचा भाऊ आठवला, मरेपर्यंत त्यांच्या दारात न जेवलेला. ती गोष्ट सांगताना त्या भावाचं नाव कुणी घेत नसे, हे तिला आज पहिल्यांदाच जाणवलं.

"नाही," ती म्हणाली. "ही नवी आहे. महिन्याआधी मी याच खाचेत पाहिलं होतं, तेव्हा खळ नव्हती. ही दोन-चार दिवसांतली आहे. मुंग्याही लागल्यात."

चंपतराव मोठ्यानं हसले. मोहल्ल्यातून एक लांब सुस्कारा निघाला, आणि त्यावर आजीचा आवाज चढला.

"आपल्या आबाजीले बुडवलं वं पोट्टी! यासाठी शिकवलं का तुले!"

"लिहून घ्या, साहेब," चंपतरावांचे वकील म्हणाले. "कोर्टाचा हुकूम मोडून खोटा पुरावा तयार केला. यांच्याच साक्षीदाराच्या तोंडून."

कमिशनर लिहू लागले. मनोहरराव खुंटावर बसले, एकदम म्हातारे झाल्यासारखे.

"खोटा पुरावा नाही केला."

आबाजी उठले होते. काठी टेकत ते पुढे आले आणि लोकांनी वाट दिली.

"लिहायचं तं नीट लिहा, साहेब. खळ मी लावली. या हातानं. पण पुराव्यासाठी नाही लावली. मले काय माहीत हा दगड निळा होते म्हणून? परवा वकिलाची तिथी होती. तिथीची पांजण इथीच होते. मंदिरात कशी करू? त्यानं मैदान म्हटलं, मंदिर नाही म्हटलं."

"आबाजी, बोलू नका," मनोहरराव बसल्या जागेवरून म्हणाले.

"काहून नाही बोलू? पोट्टी खरं बोलली, आता मी काय तोंड लपवू? आमचा बाप करे, त्याचा बाप करे. दरसाल एक ताणा लावतो आम्ही इथी. हुकूम मोडला, मान्य आहे. न्या मले आत. पण खंड पडू देतो का मी? प्लेगच्या साली मोहल्ला रिकामा झाला होता, तवाही माझ्या बापानं दोघा जणांले घेऊन लावली होती."

कमिशनरांची लेखणी थांबली. कुणीतरी बंद दार हलकेच लोटलं असावं तसं पुष्पलताला झालं.

"दरसाल?" कमिशनर म्हणाले.

"दरसाल."

"गिरणीचं सूत आल्यावरही?"

"त्याचा अन् याचा काय संबंध? ते धंद्याचं. हे वकिलाचं."

मनोहरराव हळूहळू उभे राहिले. "काका," ते म्हणाले, "मी तुम्हाले इचारलं होतं ना, शेवटची पांजण कधी केली म्हणून. ही गोष्ट मले काहून नाही सांगितली?"

"तुम्ही धंद्याची इचारली."

"मी पांजण इचारली, काका!"

"पूजेले कोणी पांजण म्हणते का कोर्टात? हसले असते ना लोक."

चंपतरावांचे वकील आता हसत नव्हते. "ही सगळी आज रचलेली कहाणी आहे, साहेब. चंपतरावांनी जागा घेतल्यापासून इथं आमचा माणूस रात्रंदिवस आहे. त्याच्या नजरेतून ताणा सुटेल का? विचारा त्याला. लहानू!"

कमिशनर लहानूकडे वळले. मोहल्ला आणि मालक दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे पाहत होते. लहानूनं काठी या हातातून त्या हातात घेतली, पागोट्याच्या टोकानं तोंड पुसलं.

"करतात, साहेब," तो शेवटी म्हणाला. "मी इथी लागलो तवापासून दरसाल पाहून राहिलो. परवा माणूस कमी होता म्हणून एक टोक मीच धरलं होतं."

"लहानू!" चंपतराव किंचाळले.

"आता काय करू, मालक? तुम्हीच तं म्हटलं, सांग म्हणून. अन् प्रसाद खाल्ला मी त्यायचा."

गर्दीत कुणाला तरी हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. कमिशनर पुन्हा लिहू लागले, या वेळी सावकाश. मनोहरराव त्यांच्या खांद्याशी उभे राहून एकेक शब्द सांगत होते: कुणाची परवानगी न घेता, दरवर्षी, याच जागी, विरुद्ध पक्षाच्या माणसाच्या देखत. वहिवाट, वहिवाट, वहिवाट.

पुष्पलता बशी हातात घेऊन तशीच बसली होती. तिला लहानपणचा प्रश्न आठवत होता. समाधी का नको, पांजणच काहून. समाधीला माणूस वर्षातून एकदा हात जोडतो आणि घरी जातो. नुसत्या समाधीनं जमिनीवर हक्क राहत नाही. ज्यानं पहिला खटला जिंकला होता, त्याला पुढचा कुठून येणार हे दिसलं असावं. मोहल्ल्याला वहिवाटीचा कायदा समजावून सांगितला असता तर दुसऱ्या पिढीत विसरला असता. म्हणून त्यानं कायद्याला नारळ आणि हळदकुंकू लावून दिलं, आणि गेला. निदान तिला तसं वाटलं. हे तपासून पाहण्याचा कुठलाही प्रयोग नव्हता.

लहानूची नोकरी त्याच दिवशी गेली. आबाजींना कोर्टात जावं लागलं. पुष्पलता सोबत होती. आजी नव्हती, ती अजून तिच्याशी बोलत नव्हती. न्यायाधीशांनी कमिशनरांचा अहवाल वाचला होता. त्यांनी आबाजींना कडक शब्दांत सुनावलं, वयाकडे पाहून माफीवर सोडतो म्हणाले, आणि विचारलं, "पुन्हा असं करणार नाही ना?"

आबाजींनी हात जोडले. "माफी मागतो, साहेब. झालं ते चुकलं."

"आणि पुढे?"

मनोहररावांनी डोळे मिटून घेतले.

"पुढच्या चैत्रात लावीन, साहेब. खोटं कसं बोलू?"

न्यायाधीश बराच वेळ आबाजींच्या हातांकडे पाहत राहिले, मग त्यांनी कागद ओढला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत 'जैसे थे' कायम राहील, असं त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि लेखनिक टाइप करू लागला. मात्र आजवरचा प्रघात पाहता वर्षातून एक दिवस, त्या एका तिथीला, वादींना मैदानावर पांजण करता येईल. प्रतिवादींनी अडथळा करू नये.

बाहेर आल्यावर मनोहरराव म्हणाले, "दावा अजून बाकी आहे. चंपतराव वरपर्यंत जातीन."

"जाऊ द्या," आबाजी म्हणाले. "ताणा कोणाचा घ्यायचा, ते पाहा. यंदा चोरून लावला, तं फार आखूड झाला होता."

घरी पोचले तेव्हा आजी दारातच होती. तिनं आबाजींना पाणी दिलं. मग दुसरा पेला भरला आणि पुष्पलताच्या समोर ठेवला. तोंड दुसरीकडेच होतं.

"त्या लहानूले सांगून ठेव," ती भिंतीकडे पाहत म्हणाली. "पुढच्या साली एक टोक त्यानंच धरायचं. अन् दुसरं तू धर. शिकली तं काय झालं, हात तं आहेत ना तुले."